मोरीवरची थरथर

१

गाडी बाजरीच्या रानात डाव्या कुशीवर पडली होती आणि तिची वरची चाकं अजून गरगरत होती. कोंडीबा वाघमोडे भानावर आला तो त्या आवाजानं. आधी त्याला फुटलेल्या औषधांचा उग्र वास आला. मग खिडकीच्या जागी आभाळ दिसलं. आणि मग एकदम आठवलं, की शेजारच्या सीटवर डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

“डॉक्टर! आवं डॉक्टर, बोला की!”

“पाय,” खालून आवाज आला. “कोंडीबा, माझा पाय अडकलाय.”

रानातली माणसं धावत आली. त्यांनी गाडी सरळ केली, दार उचकटलं, आणि डॉक्टर सोनमना घोंगड्यात घालून रस्त्यावर आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांना सांगलीच्या दवाखान्यात पोचवेपर्यंत कोंडीबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. “स्टेअरिंग थरथरलं वो. हातातनं हिसकावून घेतलं कुनीतरी.”

आटपाडी तालुक्यात मेंढपाळांसाठी काम करणारी एक संस्था होती. जिथं रस्ता संपतो तिथून पुढं मेंढरांच्या तळापर्यंत जाऊन औषधपाणी करायचं, हे तिचं काम. त्यासाठी चारही चाकांना जोर असलेली एक उंच, दणकट गाडी होती. डॉक्टर सोनम साताऱ्याहून येऊन इथं रमल्या होत्या, आणि गाडीवर पहिल्यापासून कोंडीबा होता. स्वतः धनगराच्या घरातला, त्यामुळं कुठला कळप कुठल्या माळावर उतरलाय हे त्याला विचारावं लागत नसे.

आता त्याच कोंडीबाबद्दल लोक बोलत होते. खरसुंडीच्या अलीकडची मोरी. सरळ रस्ता, भरदुपार, समोर ना गाडी ना गुरं. अशा ठिकाणी गाडी रानात जाते कशी? संस्थेनं गावातल्या एका गॅरेजवाल्याकडून गाडी तपासून घेतली. पुढचा भाग फारसा दुखावलेला नव्हता. त्यानं जॅकवर चाकं उचलली, हलवून पाहिली, मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि सांगितलं, “सगळं घट्ट हाय. गाडी लोण्यासारखी चालतीय.”

आणि डॉक्टर सोनम? त्या झोपल्या होत्या. पहाटेपासून कळपांना लस टोचून दमल्या होत्या, सीटवर डोकं टेकून त्यांचा डोळा लागला होता. जाग आली ती गाडी उडाल्यावर.

संस्थेचे प्रमुख इंद्रजितदादा कोंडीबाला बाजूला घेऊन बसले. आवाजात माया होती. “कोंडीबा, माणूस आहेस. लागते डुलकी. कबूल करून टाक, पुढचं मी सांभाळून घेतो.”

“न्हाई लागली दादा.”

“मग गाडी आपोआप गेली?”

 कोंडीबानं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो घरी आला. दूध घालायला गेला की डेअरीवर बोलणी थांबायची. कुणीतरी हळूच पिण्याची नक्कल करून दाखवायचं. बायको अंजना काही विचारत नव्हती, पण मुलं झोपल्यावर एकदा तिनं विचारलंच. “खरंच डोळा लागला नव्हता न्हवं?”

कोंडीबा ‘न्हाई’ म्हणायला गेला आणि अडखळला. कारण आता त्याचं त्यालाच नक्की सांगता येत नव्हतं.

२

क्रांती निकम आली ती डॉक्टर सोनमच्या निरोपावरून. दोघी साताऱ्याच्या एकाच शाळेतल्या. क्रांती सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीच्या विभागात कॅप्टन होती. नोकरी सोडल्यावर साताऱ्यात राहून अपघात झालेल्या गाड्या तपासायचं काम करत होती. गाडी का गेली, हे सांगायचं. कोण वाईट, हे नाही.

ती थेट कोंडीबाच्या घरी आली आणि अंगणातल्या बाजेवर बसली. पन्नाशीकडं झुकलेली, केस बारीक कापलेले, बोलणं थोडं.

“सोनम म्हणाली, ‘मी झोपले होते, त्यामुळं कोंडीबा जागा होता हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तो सांगतो ते कुणी ऐकून घेतलेलं नाही, एवढं मला माहीत आहे.’ म्हणून मी आलेय. सांगा.”

कोंडीबानं सांगितलं. मोरीवर रस्त्याला उंचवटा आहे. डाव्या बाजूचं डांबर खचलंय. तिथं डावं चाक आपटलं आणि स्टेअरिंग डावी-उजवी, डावी-उजवी असं झटके खाऊ लागलं, की अख्खी गाडी हिवताप भरल्यासारखी कापायला लागली. दात वाजत होते. त्यानं ब्रेक दाबला, तोवर गाडी रस्ता सोडून गेली होती.

“पहिल्यांदाच झालं?”

“न्हाई ताई. वरीसभर अधनंमधनं व्हायाचं. येगात असताना खड्डा लागला की. येग कमी केला की थांबायचं. मलकापूरचा धनाजी मिस्त्री स्टेअरिंगचा डँपर बदलून द्यायचा. डँपर म्हंजी ती आडवी नळी, शॉकअपसारखी. नवी घातली की बरं वाटायचं. मग परत सुरू.”

“दादांना सांगितलं होतं?”

“दर बारीला. म्हनूनच तर डँपर बदलायचा.”

 अंजनानं चहा आणला. कोंडीबानं कप घेतला तो दोन्ही तळव्यांत धरून, ओंजळीत धरावा तसा.

“अंगठ्यांना काय झालं?” क्रांतीनं विचारलं.

“पडलो तवा मुरगाळलं असत्याल.”

“दाखवा.”

दोन्ही अंगठे बुडापाशी सुजले होते. उजव्याचं नख काळंनिळं पडलं होतं. क्रांतीनं ते निरखून पाहिले आणि आपले हात पुढं धरले, जणू स्टेअरिंगवर आहेत. “गाडी डावीकडं पडली. तुम्ही पडताना आपटला असता तर डावा खांदा, डावी बरगडी दुखली असती. दोन्ही अंगठे एकाच जागी, एकसारखे कशानं मुरगाळतील?”

कोंडीबानं आपले अंगठे उलटसुलट करून पाहिले.

“स्टेअरिंगचे आरे आहेत ना, त्यांच्या आत अंगठे होते तुमचे. चाकं थरथरली तसे आरे अंगठ्यांवर दोन्हीकडून आदळले. झोपलेल्या माणसाची पकड सैल असते, कोंडीबा. सैल हाताला हा मार बसत नाही. तुम्ही जागे होता आणि जिवाच्या आकांतानं धरून होता.”

 अंजना दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि ती आत गेली.

“आता प्रश्न एवढाच,” क्रांती उठत म्हणाली, “की गॅरेजवाल्याला सगळं घट्ट दिसलं, तर थरथरलं काय?”

३

गाडी संस्थेच्या शेडमध्ये उभी होती. क्रांतीनं आधी गॅरेजवाल्यासारखंच केलं. जॅक लावून चाकं उचलली आणि वर-खाली, आडवी-उभी हलवली. काहीच हललं नाही.

“त्यो खोटं बोलला न्हाई म्हंजी,” कोंडीबा खिन्नपणानं म्हणाला.

“नाही. पण त्यानं गाडीला हवेत उचलून विचारलं. ओझं पाठीवरून उतरवल्यावर माणूसही म्हणतो, मला काही दुखत नाही.” तिनं जॅक उतरवला. चाकं पुन्हा जमिनीवर टेकली. “आता तुम्ही वर बसा. इंजिन सुरू करा, ब्रेक लावून ठेवा, आणि स्टेअरिंग नुसतं टिचभर डावीकडं, टिचभर उजवीकडं करत राहा. सावकाश. मी खाली जाते.”

कोंडीबा बऱ्याच दिवसांनी त्या सीटवर बसला.  तो स्टेअरिंग हलवत राहिला. खालून क्रांतीचा आवाज येत नव्हता. बाहेर व्हरांड्यात इंद्रजितदादा येरझारा घालत होते.

“बंद करा,” शेवटी ती म्हणाली. “आता जागा बदलू. मी वर येते, तुम्ही खाली या. पुढच्या आसाला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, बांधून ठेवणारा आडवा दांडा दिसतोय? त्याच्या चासीकडच्या टोकाला हात लावून ठेवा.”

कोंडीबा पाठीवर सरकत आत गेला. हात लावला. स्टेअरिंग हललं आणि त्याच्या बोटांखाली काहीतरी टिचकन वाजलं. पुन्हा हललं, पुन्हा टिच. दांडा आधी जागच्या जागी थांबत होता आणि मग एकदम सरकत होता, खुंटीला बांधलेलं कोकरू दावं ताणेपर्यंत पळावं तसा.

“ताई, खुळखुळतंय ह्ये!”

“तो दांडा गाडीला आसावर डावी-उजवी सरकू देत नाही. तोच ढिला असेल तर एका चाकाला दणका बसला की आस एकीकडं जातो, परत येतो, दुसरीकडं जातो, आणि थांबायचं नाव घेत नाही. डँपर तो हेलकावा दाबून धरायचा. नवा होता तोवर दाबला. थकला की थरथर परत. तुमचे सगळे डँपर दुखणं झाकत होते.”

तिनं नट सोडवला आणि बोल्ट बाहेर काढून फडक्यावर ठेवला. मग भोकात विजेरी धरली. भोक गोल राहिलंच नव्हतं, ते लांबट अंड्यासारखं झिजलं होतं. कडा चकचकीत आणि भोवती तांबूस गंजाची बारीक पूड.

“ही झीज अपघातात झालेली नाही. महिनोन्‌महिने घासून झालीय.” मग तिनं बोल्ट हातात घेतला. तो भोकाच्या मानानं सरळसरळ बारीक होता. मधे झिजून कमरेसारखा आत गेला होता. डोक्याच्या खाचीत निळा रंग अडकला होता.

“या गाडीत निळा रंग कुठंच नाही,” क्रांती म्हणाली. “हा बोल्ट या गाडीचा नाही, कोंडीबा. कुणीतरी आणून घातलाय.”

व्हरांड्यातल्या येरझारा थांबल्या होत्या.

४

या गाडीच्या पुढच्या भागाला दोघांचे हात लागले होते. मलकापूरचा धनाजी मिस्त्री आणि इस्लामपूरचा ऋषिराज. क्रांतीनं कोंडीबाला आपल्या मोटारीत बसवलं आणि दोघे निघाले.

धनाजीचं गॅरेज महामार्गालगत होतं. निम्मी जागा गाड्यांना, निम्मी शेतीच्या अवजारांना. दारातच निळ्या रंगाचा नांगर पडला होता. कोंडीबा तो बघून दारातच थबकला. धनाजी त्याचा जुना दोस्त होता.

बोल्ट बघून धनाजीचा चेहरा उतरला. “म्या न्हाई घातला बाई. म्या फकस्त डँपरला हात लावला. चुकलं माजं येवडंच, का त्यो दांडा बगितला न्हाई. डँपर घातला की थांबायचं, म्हनून वाटलं त्योच आजार.” तो कोंडीबाकडं वळला. “गड्या, आईची आन. मला ठावं असतं तर तुला तसा रस्त्यावर सोडला असता व्हय?”

क्रांतीनं भिंतीकडं पाहिलं. पाने मापाप्रमाणं लावले होते. तिनं बोल्टचं डोकं उजेडात धरलं. “याचे कोपरे बघा. चावून काढल्यासारखे गोल झालेत. सरकत्या पान्यानं आवळलाय, तोही अडचणीत, आडवं पडून. ज्याच्या भिंतीवर इतके मापाचे गोटीपाने आहेत तो असा कशाला आवळेल?”

धनाजीनं सुटकेचा श्वास सोडला. कोंडीबानंही.

इस्लामपुरात ऋषिराज उसाच्या मळ्यात भेटला. डोंगरदऱ्यांत गाड्या पळवायच्या शर्यतींचा त्याला नाद. संस्थेच्या गाडीची उंची त्यानंच वाढवून दिली होती, मोठी चाकं घातली होती आणि तो आडवा दांडाही नवा बसवला होता. मळ्याच्या कडेला ट्रॅक्टरला जोडायचा एक रोटाव्हेटर उभा होता. निळा.

बोल्ट बघितल्यावर त्याला राग आला. “मी असला बोल्ट घालीन? मॅडम, हा रोटरचा बोल्ट हाय. पात्यात दगड अडकला तर यंत्र वाचावं म्हणून हा मुद्दाम मऊ करत्यात. पहिला हाच तुटावा म्हणून! गाडीला ह्यो लावणारा माणूस एकतर येडा असंल नायतर लय घाईत असंल.”

“तुमच्या रोटाव्हेटरचा असू शकतो.”

ऋषिराजनं बोल्ट हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, “असू शकतो. पण तुमी गाडीखाली गेला हुता न्हवं? नटांवर काय बगितलं?”

क्रांतीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. “पांढरी रेघ. आवळलेल्या प्रत्येक नटावरून चासीपर्यंत ओढलेली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.”

“ती माझी सवय. शर्यतीत शिकलो. मी लावलेल्या एकूण एक नटावर ती घावंल.”

“सगळ्यांवर आहे. फक्त या एका नटावर नाही. चासीवरचा रेघेचा अर्धा तुकडा मात्र तिथंच आहे, घासून पुसट झालेला.” ती कोंडीबाकडं वळली. “म्हणजे इथं आधी ऋषिराजचा जाड बोल्ट होता. तो नंतर निघाला. आणि त्याच्या जागी कुणीतरी हा घातला.”

“कोन पण?” कोंडीबा म्हणाला. “गाडी दुसऱ्या कुनाच्या हातात गेलीच न्हाई. माज्यासंगट असतीया नायतर शेडात.”

बोलता बोलता तो थांबला. क्रांती त्याच्याकडं पाहत होती, आणि त्याच्या लक्षात आलं, की संशयितांमध्ये आता आपणच उरलोय.

५

दोघे मोटारीतून विट्याकडं परतू लागले. मग क्रांतीनं विचारलं, “थरथर पहिल्यांदा कधी जाणवली ते सांगता येईल? तारीख नको. त्या सुमाराला घरात, गावात काय चाललं होतं?”

कोंडीबानं डोळे मिटले. “आईच्या मनक्याचं आपरेशन झालं त्याच्या फुडं. गेल्या पावसाळ्यात मिरजेला हुतो म्या तिच्यापाशी. परत आलो आन गाडीवर बसलो, तर गाडी परकी वाटली.”

“परकी म्हणजे?”

“सरळ चालायची, पर स्टेअरिंग जरा वाकडं ऱ्हायचं. टोपी एका अंगाला सरकावी तसं. म्हनलं, रोज हातात न्हवती म्हनून आसंल.”

क्रांतीनं मोटार एका लिंबाखाली थांबवली. “कोंडीबा, दांड्याला बारीक बोल्ट घातला की आस थोडा एका बाजूला सरकतो आणि स्टेअरिंग वाकडं दिसतं. तुम्ही मिरजेला होता तेव्हाच हे झालंय. त्या दिवसांत गाडी कुणी नेली?”

“डॉक्टर परीक्षेला गेल्या हुत्या. दादा म्हनले, गाडी शेडातच हुती.”

“आणि होती?”

तो विचार करत राहिला. आई, दवाखान्याचा व्हरांडा, परतीची एसटी, मग शेड. शेडात गाडी. मागचं दार उघडलं तेव्हा...

“ताई,” तो सावकाश म्हणाला. “जाताना म्या गाडी धुऊन गेलतो. आतनं, बाहेरनं. आलो तवा मागच्या पत्र्यावर लेंड्या हुत्या. लोकर बी. मला वाटलं, माजंच धुवायचं ऱ्हायलं.”

“म्हणजे गाडी एखाद्या कळपापर्यंत गेली होती.”

कोंडीबाला आता वेगळंच काही आठवायला लागलं. त्या पावसाळ्यात पावसानं मधेच दडी मारली होती. वाढ खुंटलेली कोवळी ज्वारी मेंढरांनी खाल्ली की तिचं विष होतं, कळपच्या कळप आडवे पडतात. मिरजेहून आल्यावर त्यानं ऐकलं होतं, की दिघंचीच्या माळावर राहीबाईच्या मेंढरांना तसंच झालं होतं आणि बरीचशी वाचली होती. कुणी वाचवली हे त्यानं विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, तालुक्याचा डॉक्टर गेला असेल.

राहीबाई त्याच माळावर भेटली. पावसाळ्यात तिचा कळप दरवर्षी तिथंच असे. कमरेत वाकलेली, पण आवाज माळ ओलांडून जाईल असा. तिनं कोंडीबाला ओळखलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

“राहीआत्ती, गेल्या साली मेंढरं पडली हुती, तवा सुई कुनी टोचली?”

“कुनी म्हंजी? तुमच्या सायबानं! इंद्रजितदादानं! आरं, देव आला बग. समदी मेंढरं पाय खोडत पडल्याली, तोंडाला फेस. आन ह्यो मानूस एकलाच गाडी घिऊन आला. हात कोपरापत्तूर काळं, गुडघं फुटल्यालं, सदरा मातीत लोळल्यागत. म्या म्हनलं, पडलासा का काय? तर म्हनला, बाई, आधी मेंढरं दाव.” तिचे डोळे भरून आले. “नाव घेऊ नगं कुटं म्हनला. म्हनून म्या बोलले न्हाई. पर मी रोज सकाळी हात जोडती त्येला.”

 ती ज्या माणसाला हात जोडत होती त्याच माणसानं कोंडीबाला डुलकी कबूल करायला सांगितलं होतं.

“आजी,” क्रांतीनं मऊ आवाजात विचारलं, “ते कुठल्या वाटेनं आले होते?”

राहीबाईनं ओढ्याकडं बोट दाखवलं. दगडगोट्यांची उतरण होती. तिच्या तोंडाशी, बांधाच्या कडेला, कुणा शेतकऱ्याचा रोटाव्हेटर गवतात उभा होता. क्रांती तिथं गेली आणि वाकली. निळ्या रंगावर पावसाचे ओघळ होते. बोल्टांच्या रांगेत एक भोक रिकामं होतं. तिनं खिशातला झिजलेला बोल्ट शेजारच्या बोल्टाला लावून धरला. डोकं तेच. रंग तोच.

६

इंद्रजितदादा ऑफिसात एकटेच होते. क्रांतीनं बोल्ट त्यांच्यापुढं ठेवला.

“गेल्या वर्षी तुम्ही एक कळप वाचवलात. एवढं चांगलं काम लपवलंत का?”

दादांनी बोल्टकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही. तसेच बघत ते बोलले. नोकरीत असताना ते पशुधन पर्यवेक्षक होते, सुई टोचता येत होती. राहीबाईच्या मुलाचा रडत फोन आला. डॉक्टर नाही, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हरशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही हा नियम त्यांनीच केलेला. तरी ते निघाले. ओढ्याच्या उतरणीवर दगड लागला, दांड्याचा बोल्ट तुटून पडला आणि दांडा जमिनीला घासायला लागला. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

“समोर रोटर दिसला. त्याचा बोल्ट काढला आणि घातला. भोकात सैल जात होता, ते कळलं होतं मला. म्हटलं, कोंडीबा आला की त्याला सांगू, नीट बसवून घेऊ.”

“मग सांगितलं का न्हाई?” कोंडीबानं विचारलं.

“तू आलास तेव्हा तुझं तोंड आईच्या दुखण्यानं उतरलेलं होतं. म्हटलं, उद्या सांगू. मग राहूनच गेलं. पुढं तू थरथर सांगायचास, धनाजी डँपर बदलायचा, ते थांबायचं. मला वाटलं, तो वेगळा आजार.” त्यांनी बोल्ट उचलून परत ठेवला. “सोनमला स्ट्रेचरवर आत नेताना हा बोल्ट आठवला. तिथंच, दवाखान्याच्या दारात. आणि त्याच क्षणी मी ठरवलं, की तुला डुलकी लागली. रोज तेच म्हणत राहिलो, कोंडीबा. इतकं म्हटलं, की मला खरं वाटायला लागलं.”

“मला बी,” कोंडीबा म्हणाला.

क्रांती दोघांच्या मधे उभी होती. “दादा, माळावर बोल्ट घातलात त्याला मी चूक म्हणणार नाही. तुमच्या जागी मीही घातला असता. तो तिथंच विसरलात ती चूक. पण आठवल्यावर जे केलंत, त्याला माझ्याकडं शब्द नाही. पोलिसांकडं आणि सोनमकडं तुम्ही स्वतः जायचं. माझा अहवाल तुमच्या मागोमाग येईल.”

“जातो. आजच जातो.” मग ते कोंडीबाकडं वळले. “तुला काय पाहिजे ते सांग.”

कोंडीबाच्या मनात बरंच काही येऊन गेलं. त्याला राहीबाई आठवली, सकाळी हात जोडणारी. त्याला अंजनाचा प्रश्न आठवला. माणूस एकाच अंगानं बघता आला असता तर सोपं झालं असतं.

“माज्या वाडीत या,” तो म्हणाला. “डेरीवर. समदी असत्यात तवा. आन सांगा.”

दादा आले. सकाळची वेळ, किटल्यांची रांग लागलेली. त्यांनी चप्पल काढली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ओढा, बोल्ट, दवाखान्याचं दार, काहीच गाळलं नाही. पिण्याची नक्कल करणारा माणूस किटलीकडं बघत राहिला.  अंजना मागच्या रांगेत होती. तिनं पदर सारखा केला आणि ती ताठ मानेनं पुढं येऊन दूध घालून गेली.

डॉक्टर सोनम कुबड्यांवर उभ्या राहिल्या तोवर गाडी तयार झाली होती. धनाजी आणि ऋषिराज यांनी मिळून चासीवर नवा जाड पत्रा वेल्ड केला आणि योग्य मापाचा बोल्ट बसवला. दादांनी राजीनामा लिहिला होता. सोनमनं तो घेतला नाही. “आधी काम करून फेडा,” त्या म्हणाल्या, “मग बघू.” त्यांनी माफ केलं की नाही, हे कोंडीबाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

त्याच आठवड्यात झऱ्याकडच्या माळावरून फोन आला. एक मेंढी अडली होती. सोनमना अजून गाडीत चढता येत नव्हतं. दादा औषधांची पेटी घेऊन बाहेर आले आणि गाडीपाशी घुटमळले.

“बसा की,” कोंडीबा म्हणाला.

डांबर संपलं आणि वाट खाली ओघळीत उतरायला लागली. दगडावर चाक चढलं तसे दादांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी गच्च धरली. बोटं पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता.

कोंडीबानं वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. स्टेअरिंग त्याच्या हातात शांत होतं.

“सोडा हात, दादा,” तो समोर बघत म्हणाला. “म्या धरलंय.”